वरचे पगार वाढले, खालची माणसं वाढली, मग मधले गेले कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचा भाचा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याचे वडील पिंपरीत टर्नर (लेथ मशीनवर धातू कापून मापात आणणारा कामगार) म्हणून कायम होते आणि त्याच पगारावर निगडीला घर झालं, दोन पोरांची शिक्षणं झाली. पोराला मात्र चाकणला पंधरा-सोळा हजाराच्या वर कोणी बोलायला तयार नाही आणि शेजारचा कॉम्प्युटरवाला मुलगा खराडीला परदेशी कंपनीत लाखाच्या वर घेतो. हे सगळं मशीन आणि कॉम्प्युटरमुळे झालंय का, आणि आता एआय आल्यावर पोराने करायचं काय.

मी टाइम ऑफिसपासून सुरुवात केली, मग पर्सोनेल, मग युनियनबरोबरचे वेतनकरार, आणि आता भोसरी-चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या कंपन्यांना पगाररचना करून द्यायचं काम करतो. म्हणजे पगारपत्रकं बघण्यातच आयुष्य गेलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, मशीन कधीच अख्खी पोस्ट उचलत नाही, त्या पोस्टमधली काही कामं उचलतं. कुठली उचलतं यावर 2003 साली ऑटर, लेव्ही आणि मर्नेन या तीन अमेरिकन अभ्यासकांनी एक पेपर लिहिला, आणि माझ्या मते त्यानंतरची सगळी चर्चा त्याच्याच आधाराने चाललीये. त्यांचं म्हणणं एवढंच की ज्या कामाच्या पायऱ्या कागदावर लिहून काढता येतात ते काम कॉम्प्युटर करणार. आमच्या भाषेत ज्याची एसओपी, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची लेखी कार्यपद्धत, बनते ते. आता एसओपी कशाची बनते बघा, लेजर लिहिणं, टायपिंग, बिलाची टोटल, तोच कट हजार वेळा तसाच मारणं. आणि कशाची बनत नाही? एक म्हणजे डिझाइन करणं, कस्टमरला पटवणं, अडलेलं सोडवणं. दुसरं म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या आजींना कूस बदलून देणं, जुन्या वाड्यात भिंत न फोडता वायर ओढणं, बाथरूम घासणं. बुद्धिबळात कॉम्प्युटरने जगज्जेत्या कास्पारोव्हला 1997 मध्ये हरवलं, पण सदाशिव पेठेतल्या एखाद्या घरात जाऊन भांडी घासून, ओटा पुसून, डबे जागेवर ठेवणारं मशीन अजून मला कोणी दाखवलेलं नाही.

आता गंमत अशी की यातल्या पहिल्या प्रकाराला आधीपासून जास्त पगार होता आणि दुसऱ्याला आधीपासून कमी. जी कामं लिहून काढता येत होती ती बरोब्बर मधल्या पगाराची होती, म्हणजे क्लार्क, टायपिस्ट, ऑपरेटर, इन्स्पेक्टर. त्यामुळे मधलं बारीक होत गेलं आणि दोन्ही टोकं फुगली. गूस आणि मॅनिंग या अर्थतज्ज्ञांनी 2007 मध्ये ब्रिटनबद्दल हेच दाखवलं, नंतर सॅलोमन्स यांच्याबरोबर 1993 ते 2010 मधले पश्चिम युरोपातले 16 देश बघितले तर सोळाच्या सोळा देशांत मधल्या पगाराच्या कामांचा वाटा घटलेला निघाला. इतके वेगवेगळे कायदे, वेगवेगळ्या युनियन असलेल्या देशांत एकच दिशा दिसते म्हणजे तंत्रज्ञानाचा हात आहे हे मान्य करायलाच लागतं.

आपल्याकडे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण फॅक्टरीत नाही, बँकेत आहे. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही सरकारी बँकेची 1990 च्या आसपासची शाखा आठवा, काउंटरमागे क्लार्कची रांग, टोकन, पासबुक हाताने भरणं, संध्याकाळी बॅलन्स जुळला नाही तर सगळे थांबलेले. रंगराजन समितीचा कॉम्प्युटरायझेशनचा अहवाल 1984 चा, युनियनबरोबर त्यावरचा मोठा समझोता व्हायला 1993 उजाडलं, मग 2000-01 ची व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) ज्यात सरकारी बँकांतून लाखभर लोक बाहेर पडले, मग कोअर बँकिंग (सगळ्या शाखा एकाच कॉम्प्युटर सिस्टिमवर), मग 2016 ला यूपीआय. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बँकांमधला जवळपास निम्मा स्टाफ क्लार्क होता, आता पाव हिस्साही नाही. बँका काही लहान झाल्या नाहीत, उलट ऑफिसर वाढले. आणि खालच्या बाजूला कॅश व्हॅनवाला, एटीएमचा गार्ड, हाउसकीपिंग, गावात बँकेचे व्यवहार करून देणारा बँक मित्र ही सगळी माणसं बँकेचंच काम करतात पण बँकेच्या पगारपत्रकावर नाहीत. बीकॉम होऊन परीक्षा देऊन क्लार्क लागलो की आयुष्य मार्गी, हा जो पुण्यातल्या मध्यमवर्गाचा ठरलेला रस्ता होता तो इथे अरुंद झाला.

(एक बाजूची गोष्ट. अमेरिकेत 1995 ते 2010 मध्ये एटीएम एक लाखावरून चार लाखांवर गेली तरी टेलरची, म्हणजे काउंटरवरच्या कॅशियरची, संख्या पडली नाही. कारण शाखा चालवणं स्वस्त झालं म्हणून बँकांनी शाखाच वाढवल्या, प्रत्येक शाखेत टेलर कमी पण शाखा जास्त. म्हणून मशीन आलं की माणसं गेलीच असं डोळे झाकून बोलू नका.)

आता तुमच्या मेहुण्यांच्या कामाकडे येतो कारण ते मी जवळून बघितलंय. जुना टर्नर म्हणजे काय होतं, तर तो ड्रॉइंग वाचायचा, जॉब चकमध्ये धरून डायल लावायचा, टूल स्वतः ग्राइंड करायचा, पहिला कट घेतला की मायक्रोमीटर लावून किती राहिलंय ते बघायचा, चिप (कापताना निघणारा धातूचा कीस) निळी पडायला लागली की फीड-स्पीड बदलायचा, आवाजावरून टूल गेलंय ते ओळखायचा. हे सगळं एका माणसात होतं आणि ते यायला आयटीआय अधिक पाच-सात वर्षं लागायची. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणारं मशीन, आल्यावर हा माणूस उभा चिरला गेला. ड्रॉइंग वाचून कट ठरवणं प्रोग्रामरकडे गेलं, टूल लावणं आणि ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) देणं सेटरकडे गेलं, मापावर राहण्याचं काम मशीनच्या आत गेलं, आणि जे उरलं ते ऑपरेटरकडे. दार उघडा, जॉब काढा, हवा मारा, नवीन जॉब लावा, सायकल स्टार्ट दाबा, गो-नोगो गेज (जॉब मापात आहे की नाही एवढंच सांगणारं साधन) लावा, ठरलेल्या जॉबनंतर एक रीडिंग शीटवर लिहा. तेही दोन-दोन तीन-तीन मशीनवर एकाच वेळी. हे शिकायला चांगल्या पोराला पंधरा दिवस लागतात. आणि आता जॉब उचलून लावायलाही रोबोट आहेत, बजाज ऑटोने तर माणसाच्या शेजारी चालणारे छोटे रोबोट 2010 च्या आसपासच वापरायला सुरुवात केली होती.

म्हणजे टर्नरचा पगार नाहीसा झाला नाही, तो वाटला गेला. वरचा वाटा प्रोग्रामर आणि मेंटेनन्सवाल्याला गेला, खालचा ऑपरेटरला, आणि बराचसा कंपनीला. तुमच्या भाच्याला पंधरा-सोळा हजार ऑफर होतायत ते या उरलेल्या कामाचे, वडिलांच्या कामाचे नाहीत. नाव तेच, मशीन शॉप तेच, काम वेगळं.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. पुढचा भाग लोक विसरतात आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. मशीनने कामातला कुठला तुकडा नेला यावर पगार वर जाणार की खाली ते ठरतं. सोपा तुकडा नेला तर उरलेलं काम अवघड होतं, ते करणारे कमी मिळतात, माणसं घटतात पण राहिलेल्यांचे पगार वाढतात. अवघड तुकडा नेला तर उरलेलं काम कोणीही करू शकतो, मग माणसं वाढतात आणि पगार बसतो. ऑटर यांनी 2025 मध्ये थॉम्पसन यांच्याबरोबर अमेरिकेचा 40 वर्षांचा डेटा घेऊन हेच मांडलं, अकाउंटिंग क्लार्क कमी झाले पण त्यांचे पगार वाढले, इन्व्हेंटरी क्लार्क वाढले पण पगार घसरले. कॉम्प्युटर दोघांच्याही टेबलावर आला होता.

आपल्याकडे हे रोज दिसतं. जुन्या कारखान्यातला स्टोअरकीपर हा मोठा माणूस असायचा. तीन हजार आयटम, कुठला बेअरिंग कुठल्या रॅकला, कुठला बोल्ट कशाला चालतो, रॅकवरच्या नोंदीच्या कार्डावर किती दिसतंय आणि खरंच किती आहे, सगळं डोक्यात. तो सुट्टीवर गेला की लाइन थांबायची, म्हणून प्रॉडक्शन मॅनेजरसुद्धा त्याच्याशी जपून बोलायचा. बारकोड आणि ईआरपी (अख्ख्या कंपनीचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) आल्यावर त्याचं डोकं सिस्टिममध्ये गेलं. आता वाघोलीच्या किंवा चाकणच्या वेअरहाउसमध्ये पोराच्या हातात स्कॅनर असतो, स्कॅनर सांगतो कुठल्या रॅकला जा, चुकीचा बॉक्स उचलला तर बीप करतो. अशी पोरं पूर्वीच्या स्टोअरकीपरपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि त्यांच्यातल्या एकालाही मॅनेजर नावाने ओळखत नाही. याउलट अकाउंट्सला बघा. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरने टोटल मारणं, खतावणी, ट्रायल बॅलन्स हे कंटाळवाणं काम नेलं, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, आणि आता ज्याला टॅक्सचं क्रेडिट कुठे अडकलंय, सप्लायरने रिटर्न भरलाय का, नोटिशीला उत्तर काय द्यायचं हे कळतं अशा अकाउंटंटला भोसरीतले छोटे कारखानदार शोधत असतात आणि मिळाला की सोडत नाहीत. नुसती व्हाउचर एंट्री करणाऱ्याला मात्र भाव नाही. दोघं एकाच कॉलेजातून बीकॉम झालेले असतात बरं का.

रिक्षावाल्यांचं पण तेच. पेठांमधले बोळ, कुठला रस्ता किती वाजता तुंबतो, कुठून कट मारला की सिग्नल वाचतो, ही रिक्षावाल्याची कमाई होती, आपण त्यांच्या उद्धटपणावर कितीही विनोद केले तरी. फोनवर नकाशा आला आणि लातूरहून परवा आलेला मुलगा आज कॅब चालवायला लागला. त्याचं भलं झालं, जुन्याचं कमी झालं, दोन्ही खरं आहे. लंडनमध्ये टॅक्सीवाल्यांना हजारो रस्ते पाठ करून परीक्षा द्यायला लागते, तिथेही हाच राग आहे.

मग कोणी म्हणेल की ठीक आहे, पण खालची कामं मशीनला जमत नाहीत ना, मग त्यांचे पगार तरी वाढायला पाहिजेत. अमेरिकेत 1990 च्या दशकात काही काळ तसं झालंही, मधले पगार मागे पडले आणि खालचे थोडे वर आले. आपल्याकडे का होत नाही? कारण गेटवर कोण उभं आहे ते बघा. आपल्या देशात 2023-24 च्या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणात काम करणाऱ्यांपैकी अजून 46 टक्के लोक शेतीत आहेत आणि कारखानदारीत 11-12 टक्के. मराठवाडा, विदर्भ, बिहार, यूपीतून पोरं येतच राहतात, शिवाय वरून घसरलेला बीकॉमवाला आणि डिप्लोमावाला पण त्याच रांगेत येऊन उभा राहतो. मशीन हे काम करू शकत नाही म्हणून त्याला किंमत येते असं नाही, दुसरा माणूसही ते करायला सहजी मिळत नाही तेव्हा किंमत येते. कोविडनंतर चाकणमध्ये हे उघड दिसलं. माणसं गावी गेलेली, ऑर्डर आलेल्या, तेव्हा जे लेबर काँट्रॅक्टर एरवी गेटवरून पोरं परत पाठवायचे तेच फोन करकरून गाडीभाडं देतो या म्हणत होते, हजेरीवर वेगळे पैसे, राहायची सोय. त्या महिन्यांत कुठलंही नवीन मशीन आलं नव्हतं की जुनं गेलं नव्हतं. अमेरिकेतही 2020 नंतर दोन-तीन वर्षं तळाचे पगार वरच्यांपेक्षा वेगाने वाढले, कारण माणसंच मिळत नव्हती.

आणि संघटना. पुण्यात 1980 साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता, त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली आणि पगार, सुट्ट्या, दिवाळीचा बोनस यावर बोलणी व्हायला लागली. कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 ची. हे धंदे मशीनने ना वर नेले ना खाली, लोकांनी भांडून थोडे वर नेले.

म्हणून जेव्हा मॅनेजमेंटवाले मला मीटिंगमध्ये सांगतात की काय करणार साहेब टेक्नॉलॉजीच अशी आहे, तेव्हा मी त्यांना त्यांचंच पगारपत्रक दाखवतो. एकाच लाइनवर, एकाच मशीनवर, फर्स्ट शिफ्टला कायम कामगार ज्याला कराराचे तीन वर्षांचे हप्ते मिळतात, आणि सेकंड शिफ्टला काँट्रॅक्टचा मुलगा. पगारात तिप्पट-चौपट फरक. मशीनला कोण पर्मनंट आहे ते कळत नाही. देशभरातल्या नोंदणीकृत कारखान्यांत काँट्रॅक्ट कामगार 2000 च्या आसपास पाचात एक होते, 2023-24 मध्ये 42 टक्के झालेत. मशीनने काम सोपं केलं हे खरं, पण सोप्या झालेल्या कामाला बाहेरच्या पोराला लावायचं आणि पोराला दर काही महिन्यांनी ब्रेक द्यायचा, म्हणजे नोकरीत खंड पाडायचा, हा माणसांचा निर्णय आहे. तंत्रज्ञानाच्या नावावर निम्मं बिल फाडलं जातं असं माझं मत आहे, काही अर्थतज्ज्ञांना निम्मं जास्त वाटेल, वाटू दे.

आता शेजारच्या खराडीवाल्या मुलाबद्दल, कारण तिकडे पण सगळं वरचं टोक नाही. हिंजवडीच्या मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरला 2012 च्या आसपास वर्षाला तीन-सव्वातीन लाख मिळायचे आणि आजही साधारण तीन-साडेतीनच आहेत, मधल्या काळात महागाई जवळपास दुप्पट झाली. म्हणजे आयटीच्या पोटातच दोन आयटी आहेत. एकीकडे एसओपी बघून टिकेट (कस्टमरची तक्रार) बंद करणं, हाताने टेस्टिंग, रिपोर्ट काढणं, आणि दुसरीकडे परदेशी कंपन्यांची स्वतःची सेंटर जिथे प्रॉडक्टचा निर्णय इथे बसून होतो. पगाराचा फरक कारखान्यातल्या ऑपरेटर आणि प्रोग्रामरसारखाच, फक्त एसीत. आणि मधला म्हणजे टीम लीड, दहा-पंधरा वर्षं झालेला, जो फक्त वरचं खाली आणि खालचं वर सांगतो, तो सध्या सगळ्यात घाबरलेला आहे. जुलै 2025 मध्ये टीसीएसने साधारण 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या वर लोक कमी करायचं जाहीर केलं, त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले होते.

एआयबद्दल मी भविष्य सांगणार नाही पण एक फरक सांगतो. आत्तापर्यंतच्या कॉम्प्युटरला पायऱ्या लिहून द्यायला लागायच्या, याला लागत नाहीत, हा उदाहरणं बघून शिकतो. म्हणजे अनुभवाने येणारं, सांगता न येणारं जे काही होतं त्यातलं बरंच आता कॉम्प्युटरच्या आवाक्यात आलंय. कस्टमर सपोर्टच्या पाच हजारांवर एजंटांवर ब्रिन्योल्फसन या अर्थतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, एआयच्या मदतीने सरासरी काम 14 टक्के वाढलं पण नवख्यांचं 34 टक्के, आणि मुरलेल्यांना जवळपास काहीच फायदा नाही. ऐकायला छान वाटतं. पण स्टोअरकीपर आठवा, नवखा जर पहिल्या महिन्यात मुरलेल्यासारखं काम करायला लागला तर मुरलेल्याला जास्त पगार कशाचा? आणि अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदींवरून 2025 मध्ये असंही दिसलं की एआय जिथे जास्त घुसतंय अशा कामांत 22 ते 25 वयाच्या पोरांच्या नोकऱ्या बाकीच्यांच्या तुलनेत 13 टक्के घटल्या, कारण ज्युनिअरला जे शिकता शिकता करायला द्यायचे तेच काम आता एआय करतं. म्हणजे काही ठिकाणी मुरलेल्याची किंमत जाणार आणि काही ठिकाणी नवख्याला दारच उघडणार नाही. दोन्ही एकाच ऑफिसात होऊ शकतं.

भाच्याला काय सांगाल. सीएनसी ऑपरेटरची नोकरी आली तर नाही म्हणू नका, पण इंटरव्ह्यूला किंवा पहिल्याच आठवड्यात त्याने तीन गोष्टी काढून घ्यायच्या. ऑफर लेटर कंपनीच्या लेटरहेडवर आहे की काँट्रॅक्टरच्या. लाइनवर ऑफसेट कोण बदलतं, ऑपरेटरला हात लावू देतात का. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाला येईपर्यंत ऑपरेटर बाजूला बसतो की त्याच्याबरोबर पॅनल उघडतो. जिथे ऑपरेटरला बाजूला बसवतात तिथे वर्षाच्या वर राहू नये, अनुभवाचं सर्टिफिकेट घेऊन पुढे. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), हायड्रॉलिक्स, रोबोटचं मेंटेनन्स, फॅनुक आणि सिमेन्स कंपन्यांचे सीएनसी कंट्रोल, टूल अँड गेज, यातलं एक पकडू दे. बंद पडलेलं मशीन प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने बंद पडतं, त्याची एसओपी पूर्ण होत नाही, आणि रात्री दोनला लाइन उभी असते तेव्हा तो माणूस किती मागतो यावर कोणी घासाघीस करत नाही. मेंटेनन्सची पोरं चाकणमध्ये दोन-तीन वर्षांत कंपनी बदलून पगार वाढवताना मी दर महिन्याला बघतो. कॉम्प्युटरचा एखादा तीन महिन्यांचा क्लास लावून आयटीत शिरवायचा विचार असेल तर क्लासवाल्याला आधी विचारा, गेल्या बॅचला कुठल्या पोस्टवर घेतलं. मॅन्युअल टेस्टिंग किंवा डेटा एंट्री म्हणाला तर पैसे वाचवा. आणि त्याच्या वडिलांना जर मायक्रोमीटरला अजून हात सरावलेला असेल तर सुट्टीच्या दिवशी पोराला बसवून चिपचा रंग आणि टूलचा आवाज शिकवायला सांगा. सेटरच्या इंटरव्ह्यूला हे विचारतात आणि डिप्लोमाच्या पोरांना येत नाही.